बाभळीचे आठ अडथळे

शाळांच्या बक्षीस समारंभांना मला अधूनमधून पाहुणी म्हणून बोलावतात. ओळख करून देणारे गुरुजी कोणीही असोत, एक वाक्य ठरलेलं असतं: बाईंना भीती कशी ती ठाऊकच नाही. मी हार घेते, नारळ घेते आणि गप्प बसते. खरं सांगायला लागले तर कार्यक्रमाचा विचका व्हायचा. अडथळ्यांच्या शर्यतीत मी जिल्ह्याकडून पळले, विभागाकडून पळले, दोन वेळा राज्य स्पर्धेला जाऊन आले. पुढे त्याच जोरावर पी.टी.ची बाई म्हणून नोकरीला लागले आणि जन्मभर शिट्टी फुंकली. पण माझी म्हणून जी काही कारकीर्द झाली ती सगळी घाबरत घाबरत झाली. पिस्तुलाच्या आवाजाला मी कधी दचकले नाही. शेजारच्या पट्ट्यातल्या मुलींनाही घाबरले नाही. मला भीती होती लाकडाची, आणि ते लाकूड आमच्या घरचं होतं.

माझे वडील गावचे सुतार. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, गाव मिस्त्री म्हणायचं. आमचं गाव सोनईपासून दोन कोसांवर. तिथल्या पंचक्रोशीत औत, तिफण, बैलगाडी, दाराची चौकट, पाळणा, जे जे लाकडाचं ते आण्णांच्या हातून गेलेलं असायचं. त्यांना एकाच गोष्टीचा माज होता. त्यांनी केलेली वस्तू हलत नसे. कुणाकडे जेवायला गेले तरी बसण्याआधी पाट हलवून बघायचे, आणि हलला तर त्या घरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एखाद्याची बाज करकरली तर ते तिच्यावर बसायचे नाहीत, उभ्याउभ्याच बोलून परत यायचे. आई म्हणायची, ह्यांना देवानं चुकून माणूस केलं, खुंटाच करायचा होता.

मी आठवीत असताना आमच्या हायस्कुलात पी.टी.चे नवे सर आले. नगर शहरातले, हौशी, लग्न न झालेले. मुलांना कबड्डी आणि मुलींना लेझीम एवढंच तोवर आमच्याकडे चालायचं. सरांच्या डोक्यात मुलींना पळवायचं होतं, तेही अडथळ्यांवरून. तालुक्यात ही शर्यत कुणी घेतच नव्हतं, त्यामुळे आमच्या शाळेची मुलगी थेट नगरला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरेल, हा त्यांचा हिशेब. त्यांच्याजवळ नियमांचं एक पातळ इंग्रजी पुस्तक होतं. त्यात अडथळ्याचं एक चित्र होतं, समोरून काढलेलं. दोन उभ्या दांड्या, वर आडवी फळी, बाजूला उंचीचा आकडा. ते पुस्तक घेऊन सर आमच्या ओट्यावर आले.

आण्णांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, ह्याला पाय कुठं हायती. सरांनाही ते माहीत नव्हतं. खरा अडथळा त्यांनी लांबूनच पाहिला असावा, किंवा पाहिलाच नसावा. ते म्हणाले, तुम्ही तुमच्या पद्धतीने उभा करा, फक्त भक्कम करा, मुलींचं काम आहे. मुलींचं काम म्हटल्यावर आण्णा जास्तच काळजीत पडले. ज्याच्यावरून पोरी उड्या मारणार ते हललं तर पोरीच्या अंगावर येईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गाडीच्या चाकांसाठी राखून ठेवलेली जुनी बाभूळ काढली. आठ अडथळे केले, एकात एक बसवलेल्या सांध्यांचे, एक खिळा नाही. आणि उभे दांडे मुद्दाम दीड हात लांब ठेवून मैदानात गाडले, मांडवाची मेढ रोवावी तसे. सरांनी एकाला दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, बैल बांधला तरी हलणार नाही. खरोखरच सुट्टीच्या दिवशी लोक तिथे बैल बांधायला लागले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आण्णांनी आपल्या वाकस-करवतीबरोबर मैदानावर जाऊन आठही अडथळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. त्यामुळे नंतर सराव करताना एखादीचा पाय अडथळ्याला घासला की ती थांबून अडथळ्याला हात लावायची आणि तो हात छातीला लावायची. सर कपाळावर हात मारून घ्यायचे. आम्ही पाच जणी होतो. आईनं आण्णांच्या जुन्या लेंग्याची मला गुडघ्यापर्यंत चड्डी शिवून दिली होती, ती गावानं आठ दिवस चघळली. अनवाणीच पळायचं. रांग एकच, त्यामुळे एकेकीनं पळायचं आणि सरांनी घड्याळ बघायचं.

घड्याळात कायम पुढे असायची ती माझ्या बाकावरची मैत्रीण. शेतकऱ्याची मुलगी, माझ्यापेक्षा वितभर उंच, हसायला लागली की उचकी लागेपर्यंत हसणारी. ती अडथळ्यावरून जाताना अगदी खालून जायची, फळीला चाटून. मी मात्र सुरुवातीपासूनच उंच उडायचे. ती मला चिडवायची, तू काय विहीर वलांडती का. नववीत असताना, माघ महिन्यातल्या एका सकाळी, पाचव्या अडथळ्याला तिची नडगी लागली.

मी शेवटच्या अडथळ्यापाशी उभी होते. आवाज फार मोठा झाला नाही. ती फळीवरून पुढे गेली आणि डाव्या हातावर पडली. ओरडली नाही. उठून बसली आणि आपल्या कोपराकडे असं बघायला लागली, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. कोपर जिकडे वाकायचं त्याच्या उलट्या बाजूला वाकलं होतं.

बातमी कळल्यावर निम्मं गाव मैदानावर आलं. तिचे वडील आले, आण्णाही आले. तिला बाजेवर घालून नेल्यावर आण्णा पाचव्या अडथळ्याजवळ गेले, खाली बसून त्यांनी बुडखा तपासला, मग उभे राहून दोन्ही हातांनी हिसका दिला. तिच्या वडिलांच्या तोंडावर ते म्हणाले, "अडथळा जागचा हाललेला न्हाई. पोरीनं पाय उचलायला पायजे हुता." तिच्या वडिलांनी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. मीही हलवली असणार.

हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, दोन महिन्यांनी सोडल्या तेव्हा कोपर अर्धवट वाकलेलं तसंच राहिलं होतं. त्या हातानं घागर उचलेना, वेणी घालता येईना. हात असा म्हटल्यावर घरच्यांनी घाई केली. वैशाखात तिला श्रीगोंद्याकडे, काष्टीजवळच्या एका वस्तीवर दिली. नवरा बिजवर, पहिलीची दोन मुलं. लग्नही तिकडेच, चार माणसांत उरकलं. मला कुणी नेलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. तिची दप्तराची पिशवी काही दिवस आमच्या बाकाच्या कप्प्यात होती, मग तिचा धाकटा भाऊ येऊन घेऊन गेला.

तेव्हापासून त्या आठ फळ्यांपलीकडे मला खाली पडणं दिसायचं बंद झालं. मला बिजवर दिसायचा. टक्कल असलेला, मिशा असलेला, दोन शेंबडी मुलं कडेवर घेतलेला. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. मुलीचा हात किंवा पाय वाकडा झाला की तिचं पुढचं सगळं कुणीतरी दुसरं ठरवून टाकतं, हे मी दोन महिन्यांत बघितलं होतं.

बाकीच्या मुलींना घरच्यांनी सरावाला पाठवणं बंद केलं. मलाही सुटल्यासारखं झालं. पण आण्णांनी मला सोडलं नाही. मिस्त्र्यानं स्वतःची पोरगी काढून घेतली तर लोक म्हणणार, कामातच खोट होती. त्यांनी सरांना सांगितलं, माझी पोरगी उड्या मारंल. मी आईकडे रडले. आई म्हणाली, पाय उचल म्हंजी झालं. म्हणून मी पाय उचलत राहिले. फळीच्या वर हातभर अंतर ठेवून जायचे. प्रत्येक उडीत वेळ जायचा, पण घाबरलेलं माणूस दोन अडथळ्यांच्या मधे असं सुसाट पळतं की तो वेळ भरून निघायचा. सरांना वाटायचं माझ्यात फार जिद्द आहे.

मी दहावीत गेले ते साल बाहत्तरचं. पाऊस आलाच नाही. श्रावणात शाळेच्या विहिरीला तळ लागला होता आणि त्याच महिन्यात नगरला, निवडलेल्या मुलामुलींचं आठवड्याचं शिबिर होतं. सर मला घेऊन गेले. तिथे शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी उडी बघितली आणि विचारलं, तुला कुणी भिंतीवर शिकवलंय का. मला काही कळलं नाही. तेवढ्यात नगरच्याच एका मुलीची नडगी तिसऱ्या अडथळ्याला लागली.

मी डोळे मिटले. खाडकन आवाज आला. डोळे उघडले तर अडथळा आडवा पडलेला आणि ती मुलगी चौथा ओलांडून पाचव्याकडे चाललेली. तिनं मागे वळूनही बघितलं नाही. हवालदारांनी जाऊन तो अडथळा उचलला, जागेवर ठेवला. त्याला खाली पाय होते, दोन्ही एकाच बाजूला, पळत येणारीच्या बाजूला. त्या बाजूनं धक्का लागला की तो पुढच्या बाजूला कलंडायचा. हवालदार सगळ्यांनाच समजावून सांगत होते की अडथळा पडायलाच हवा, तो पडतो म्हणून मूल वाचतं, नडगीवर ओरखडा उठतो आणि पळणं चालू राहतं.

मी सरांकडे बघितलं. सर आपल्या चपलांकडे बघत होते.

 परतीच्या एस.टी.त सर इकडेतिकडे बघून हळू म्हणाले, "हे गावात कुणाला सांगू नकोस. तुझ्या वडिलांना तर मुळीच नको. त्यांना सहन व्हायचं नाही." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते आण्णांसाठी घाबरले होते की स्वतःसाठी, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. पण त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. माझ्या डोळ्यासमोर आण्णाच होते, त्या सकाळी अडथळ्याला हिसका देऊन तिच्या वडिलांशी बोलणारे. ज्याला पाट हललेला चालत नाही त्याला हे कळलं तर तो काय करील, याची मला कल्पना करवत नव्हती. गावात आमचं सुताराचं एकच घर. आण्णांचं सगळं मोठेपण त्यांच्या सांध्यांवर उभं होतं. मी ठरवलं, सांगायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेले आणि पहिल्या अडथळ्यासमोर उभी राहिले तेव्हा पाय पुढे पडेना. आधी मला वाटायचं, अडथळे असेच असतात, जगात सगळीकडे मुली अशाच घाबरत उडत असतील. आता मला माहीत होतं की हे अडथळे नाहीतच. हे गाडलेले दांडे आहेत आणि त्यांच्यावर आदळून हाड मोडायचं की नाही एवढंच माझ्या हातात आहे. सरांना सांगून सराव बंद करावा, तर आण्णांनी कारण विचारलं असतं. जिल्ह्याची स्पर्धा दिवाळीनंतर होती. सरांनी आपली बदली व्हावी म्हणून अर्ज केल्याचं मला शिपायाकडून कळलं. ते सकाळी येईनासे झाले, घड्याळ माझ्याकडेच देऊन ठेवलं.

त्यांच्याऐवजी आण्णा यायला लागले. दुष्काळात औतं बंद, गाड्या उभ्या, बैल छावणीला. गावातले निम्मे लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. आण्णांच्या हाताला काम उरलं नव्हतं, तेव्हा ते सकाळी मैदानाच्या कडेला येऊन बसायचे आणि माझ्या उड्या बघायचे. मी जितकी उंच जाईन तितकी त्यांची मान अभिमानानं ताठ व्हायची. घरी जेवताना आईला सांगायचे, आज हातभर वरनं गेली.

आश्विनात जमिनीला भेगा पडल्या. काळी माती आकसली आणि दांड्यांच्या बुडाशी फटी पडल्या. एका सकाळी मी सहज हात लावला तर तिसरा अडथळा डुगडुगला. चौथाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. अजून थोडे सैल झाले तर धक्क्याला पडतील, असं माझ्या मनात आलं. दोन दिवस मी जरा खालून उडी मारली. तिसऱ्या दिवशी आण्णा उठून आले आणि त्यांनी तिसऱ्याला हात लावला.

"हालतंय व्हय? मंग सांगायचं न्हाई का," असं म्हणून ते घरी गेले. पहार घेऊन आले, रस्त्याच्या कामावरून पाटीभर खडी मागून आणली. एकेका दांड्याच्या बुडाशी खडी घालून पहारीच्या बोथट टोकानं ठोकत बसले. मला म्हणाले, पाटी सरकव. मी पाटी सरकवत राहिले. आठ अडथळे, सोळा दांडे, प्रत्येकाला माझ्या हातानं खडी. तेव्हाच सांगून टाकावं असं वाटलं. आण्णा घामानं भिजले होते आणि किती तरी दिवसांनी काम मिळाल्यासारखे खुशीत होते. मी पाटी पुढे सरकवली. शेवटचा दांडा झाल्यावर त्यांनी हिसका देऊन बघितला आणि पहार खांद्यावर टाकली.

दिवाळीला माझी मैत्रीण माहेरी आली. तिनं दोनदा भावाला आमच्याकडे पाठवलं, मला बोलवायला. मी एकदा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि एकदा परसात लपून राहिले. तिच्या समोर बसले तर तिच्या कोपराकडे बघून माझ्या तोंडून सगळं निघून जाईल आणि तिच्या घरातून ते आण्णांपर्यंत पोचेल, ही भीती. भाऊबीज झाली आणि ती परत गेली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी सरांबरोबर नगरला गेले. आण्णा यायचे नव्हते, तिकिटाला पैसे कशाला म्हणाले होते. पण शर्यतीच्या दिवशी दुपारी मी पट्ट्यात उभी राहिले आणि दोरीपलीकडच्या गर्दीत मला त्यांचं पागोटं दिसलं. न राहवून पहाटेच्या गाडीनं आले होते. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला.  तोवर मी कायम माझ्या पायांसाठी घाबरले होते. त्या क्षणी मला शेजारच्या सगळ्या मुलींच्या पायांची भीती वाटली. सहा पट्टे होते, अठ्ठेचाळीस अडथळे. आण्णांसमोर एकही अडथळा पडू नये, एवढंच मागणं मी मागत होते. स्वतःच्या शर्यतीत सगळ्या मुली नीट जाव्यात म्हणून देवाचा धावा करणारी मी एकटीच असेन.

पिस्तूल वाजलं. पहिले तीन अडथळे मी नेहमीसारखी उंचावरून गेले. चौथ्याला डावीकडे खाडकन वाजलं. पाचव्याला त्याच बाजूला पुन्हा. मी पळता पळता दोरीकडे बघितलं, आण्णांचा चेहरा बघायला, आणि सहावा अडथळा माझ्या नडगीला लागला. तो पडला. काहीही झालं नाही. मी दोन पावलं लटपटले, सवयीनं माझा हात छातीला गेला, आणि मी सातव्याकडे पळत सुटले. दुसरी आले. विभागासाठी निवड झाली. सर मला शाबासकी द्यायला पुढे आले आणि माझ्या मागे बघून तिथल्या तिथे कनातीपलीकडे निघून गेले.

मी वळले. आण्णा दोरी ओलांडून मैदानात आले होते. माझ्या पट्ट्यातला सहावा अडथळा त्यांनी उचलून उभा केला होता. ते उकिडवे बसले, त्याचे पाय कुठल्या बाजूला आहेत ते बघितलं, सांधा बोटानं चाचपला. मग उभे राहिले आणि वरच्या फळीला एका बोटानं ढकललं. अडथळा कलंडला. त्यांनी तो पडण्याआधी धरला, सरळ केला आणि पुन्हा ढकललं. असं तीनदा केलं. एक पंच येऊन त्यांना बाहेर व्हा म्हणाला. ते मुकाट्यानं बाहेर झाले.

मी कपडे बदलून आले. आण्णांनी मला चहा पाजला, स्वतः घेतला नाही. निवड झाली हे मी सांगितलं, ते बरं म्हणाले. एस.टी.त मला खिडकीशी बसवलं.   ओरडले असते, मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

जेऊर मागे पडल्यावर त्यांनी समोरच्या सीटकडे बघत विचारलं, "तुला कवा कळलं?"

आजच, असं सांगता आलं असतं. पण मला आता खोटं धरून ठेवायचं बळ नव्हतं. मी सांगितलं, "श्रावनात. शिबिराला."

त्यांनी मनाशी महिने मोजले असावेत.  "म्हंजी खडी घालताना तुला ठावं हुतं," ते म्हणाले.

"व्हय."

"आन तरी रोज त्याच्यावरनं उड्या मारीत हुतीस."

मी व्हय म्हणाले. त्यावर आण्णांनी माझ्या नडगीकडे बघितलं. सहाव्या अडथळ्याचा ओरखडा उठला होता, थोडं रक्त येऊन वाळलं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या पायाला लावायच्या आधीच मागे घेतला.  आण्णांना घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ते माझ्यासाठी घाबरले होते, न झालेल्या, पण होऊ शकली असती अशा गोष्टीसाठी, आणि मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी खिडकीबाहेर बघत रडले.

घोडेगावच्या फाट्यावर आम्ही उतरलो. तिथून सोनईकडे गाडी मिळायची. आण्णा माझ्याबरोबर रस्ता ओलांडेनात. म्हणाले, तू घरी जा, आईला सांग मी उद्या येतो. ते परत नगरला जाणार होते आणि तिथून काष्टीला. मी म्हटलं, आधी घरी चला, तिच्या वडिलांना विचारा, पत्ता घ्या. ते म्हणाले, तिच्या बापाला काही इचारायला मला तोंड न्हाई. आदी तिला भेटतो. मग म्हणाले, "तिचं तिकडचं नाव काय हाय?"

सासरी गेल्यावर मुलीचं नाव बदलायची तेव्हा आमच्याकडे रीत होती. माहेरचं नाव माहेरी राहायचं. तिकडे वस्तीवर जाऊन आमच्या गावातल्या नावानं विचारलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. तिचं नवं नाव तिच्या घरच्यांना माहीत होतं, तिच्या भावाला माहीत होतं. माझ्या बाकावर चार वर्षं बसलेली ती, लग्नाला सहा महिने झाले होते, आणि मी तिला एक कार्ड टाकलं नव्हतं. दिवाळीत मी परसात लपून बसले होते. मी आण्णांना सांगितलं की मला माहीत नाही.

आण्णा नगरकडच्या रस्त्याला वळून उभे राहिले.

"मंग हात कसा हाय त्ये सांगून इचारतो," ते म्हणाले.

नगरकडे जाणारी गाडी आली. गर्दी होती, त्यांना आत जागा मिळाली नाही, ते दारातच दांडीला धरून उभे राहिले. गाडी गेल्यावर मी पलीकडे जाऊन सोनईच्या गाडीची वाट बघत थांबले.